अंगठा उमटवलेली भाकरी

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आई म्हणायची. तेव्हा राग यायचा. आता म्हातारपणी मीच म्हणते. मढच्या शेतकऱ्याची मी पोर. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, भावानं हिय्या करून पुण्याला नर्सिंग शिकायला घातलं, तिथं दहाजणींशी भांडत मी पास झाले आणि मंचरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात लागले. बाळंतपणं, गळवं, पटकी, सगळं पाहिलं. पण एक पोर माझ्या बोलण्यापायी मरता मरता राहिली, ते एका डॉक्टरांखेरीज आजवर कुणाला सांगितलं नाही.

मंचरच्या पेठेत एक जैन व्यापाऱ्याचं घर होतं. मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या इथंच गेलेल्या, बोलणं अस्सल आपल्याकडचं. कांदा-बटाट्याची आडत. पुढच्या पडवीत कांद्याच्या गोण्या आढ्याला टेकलेल्या, आणि त्यातला एक कांदा स्वैपाकघराचा उंबरा ओलांडेल तर शपथ. कांद्याला मनाई होती तशी मलाही होती. मी परजातीची, त्यात दवाखान्यात हात बुडवणारी. मला ओसरीपर्यंत मुभा, फार तर माजघर. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. आमच्या घरी तरी दुसरं काय होतं!

घरात दोघीच बायका. सासू विधवा, तिला सगळी पेठ माजी म्हणे. आणि सून, सतरा वर्षांची. नवरा व्यापारासाठी महिन्यातले वीस दिवस मुंबईला. सुनेला मधुमेह. म्हाताऱ्या शेठलोकांचा वेगळा, हा तरण्या पोरीचा. कळशीभर पाणी प्यायची तरी घसा कोरडाच. मोरीत मुंग्यांची रांग लागायची. सहा महिन्यांत पोरीच्या अंगावरची चोळी खुंटीला टांगल्यागत लोंबायला लागली. पूर्वी अशा पोरी वर्ष काढत नसत. पण तेव्हा विलायतेत इन्सुलिन नुकतंच निघालेलं, आणि आमच्या डॉक्टरांनी खटपट करून ते मुंबईहून मागवलं. पुण्याहून मोटारीनं बाटली यायची. ओल्या फडक्यात गुंडाळून मी ती माठाच्या बुडाशी ठेवायची.

सकाळच्या जेवणाआधी एक सुई, संध्याकाळच्या जेवणाआधी एक. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला समोर उभं करून बजावलं, "बाई, हे औषध अंगातली साखर खातं. सुई टोचली की अर्ध्या तासात अन्न पोटात गेलंच पाहिजे. नाही गेलं, तर हेच औषध पोरीला घेऊन जाईल. दरदरून घाम आला, हात कापले, भलतंसलतं बोलली, की आधी साखर द्यायची आणि मग मला बोलवायचं."

मी मान डोलावली. आणि त्याच संध्याकाळी माजींना सांगितलं, की पोरीला गोड म्हणजे विष. माजी तशा कडक, पण सुनेवर जीव टाकणाऱ्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी साखरेचा डबा, गुळाची ढेप, काकवी, सगळं गडीमाणसांना वाटून टाकलं. "डोळ्यांम्होरं नगंच. पोरगी हाये, हात जाईल," म्हणाल्या. मी त्यांना शाबासकी दिली. घरात चिमूटभर साखर उरली नाही, आणि त्यात मला काही वावगं दिसलं नाही! इतकी मी शहाणी.

पोरीचं जेवण मोजून असायचं. माजी दुकानातला लहान तराजू घेऊन बसत, बाजरीचं पीठ तोलत, मूग तोलत. पोरीची भाकरी घरच्या भाकऱ्यांत मिसळू नये म्हणून थापताना तिच्या मधोमध अंगठा दाबत. भाजल्यावर तिथं खळगा उमटायचा. मी सुई टोचली की माजी ताट ओसरीवर आणून मला दाखवत. मग पोर ते घेऊन आत जाई. ती जेवे एकटी, मागच्या पडवीत, कारण त्यांच्यात सुनेनं सासूसमोर घास घ्यायचा नाही, आणि मला तर आत जायचंच नाही. थोड्या वेळानं ताट परत येई, लख्ख. त्यांच्यात चाल अशी, की जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अन्नाचा कण मागं राहिला तर त्यात जीव पडतात आणि ती हिंसा होते. मला ही चाल फार आवडायची. रिकामं ताट बघितलं की माझं काम झालं, मी चालले.

पहिल्या महिन्यात पोरीच्या गालावर तकाकी आली. मला ताई म्हणायला लागली. गप्पिष्ट होती, विचारून विचारून जीव खायची. सुई एवढी जाड का, विलायत किती लांब, तुम्ही केस का बांधता असे. आणि एक प्रश्न फिरून फिरून: "ताई, हे औषध झाडपाल्याचंच ना?"

पहिल्यांदा मी हूं म्हटलं. दुसऱ्यांदा ऐकून न ऐकलंसं केलं. तिसऱ्यांदा विचारलं त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. सुई बोथट झालेली, सकाळपासून दगडावर घासून घासून माझी बोटं सोललेली. आणि ही बाई हात पुढं करीना. "आधी सांगा, झाडपाल्याचं ना?"

"नाही!" मी म्हटलं. "गुरांच्या पोटातल्या एका गाठीतून काढतात. झालं समाधान? आण तो हात."

तिनं हात पुढं केला. सुई टोचली तेव्हा नेहमी डोळे मिटायची, त्या दिवशी टक लावून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माजींना सांगू नका. त्यांना कळलं तर त्या हाय खातील."

मी म्हटलं, नाही सांगत. मनात म्हटलं, सुटले. डॉक्टरांनी मला हे कुणाला बोलू नको म्हणून तंबी दिली होती, म्हणून मी बोलून बसले हे डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

पुढच्या आठ-पंधरा दिवसांत एक नवल झालं. आम्ही रोज पोरीची लघवी तपासायचो. काचेच्या नळीत निळं पाणी, त्यात थेंब टाकून दिव्यावर उकळायचं. साखर असली की रंग फिरतो, आधी हिरवा, मग पिवळा, फार असली तर विटकरी. पोरीचं पाणी कायम पिवळ्यावर असायचं. आता ते हिरवं व्हायला लागलं, आणि एक दिवस निळं ते निळंच राहिलं. मी नळी घेऊन डॉक्टरांकडं जवळजवळ धावत गेले. डॉक्टरांनी ती खिडकीपाशी धरली आणि गालातल्या गालात हसले. "बाई, छान काळजी घेताय तुम्ही." मला आभाळ ठेंगणं झालं.

पोर तेवढी गप्प झाली होती. कधी संध्याकाळी कपाळावर ओलसर दिसायची. विचारलं तर म्हणे, चुलीपाशी बसले होते. आणि माजी वाळायला लागल्या होत्या. हातातलं कडं कोपरापर्यंत सरकायचं. मला शंका आली, की हाच रोग यांनाही लागला की काय. म्हटलं, "माजी, एक दिवस तुमचीबी नळी तपासू." तर माझ्यावर खेकसल्या, "मला काय धाड भरलीया? तू पोरीचं बघ!" मी तोंड वाकडं केलं आणि पोरीचं बघत राहिले, म्हणजे रिकामं ताट बघत राहिले.

मग ती पौषातली चौदस आली. चौदस म्हणजे त्यांच्यात उपासाची तिथी. पण पोरीला उपास नाही, हे डॉक्टरांनी माजींकडून कबूल करून घेतलेलं. तिथीला हिरवी भाजी चालत नाही म्हणून मूग शिजवले होते. डॉक्टर सकाळीच जुन्नरला गेले होते, मुक्कामाला. मी पाचला सुई टोचली. माजींनी ताट दाखवलं: अंगठ्याच्या खळग्याची भाकरी, तुपात परतलेले मूग, वाटीत साय. पोर ताट घेऊन आत गेली. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकावं लागे, त्यानंतर त्यांच्यात पाण्याचा थेंबही घेत नाहीत. ताट परत आलं. लख्ख. मी निघाले.

त्या दिवशी पेठेत बटाट्याच्या गाड्या आडव्या लागलेल्या, वाट मिळेना, म्हणून मी मागच्या बोळातून गेले. त्यांच्या पडवीच्या खिडकीखाली त्यांची गाय बांधलेली असायची. गाय काहीतरी खात होती. मी सहज बघितलं. गव्हाणीत अख्खी भाकरी पडली होती आणि तिच्या मधोमध अंगठ्याचा खळगा होता.

भाकरीशेजारी मूग सांडलेले. गाईच्या नाकाला साय. खाली शेणात आणखी एक शिळा तुकडा, त्यालाही खळग्याची कड. म्हणजे हे आजचं नव्हतं! ते निळं पाणी, ती माझी शाबासकी, सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात लख्ख झालं. रोज थोडं थोडं गाईला जात होतं. आणि आज सगळंच्या सगळं गेलं होतं. सुई टोचून तास उलटला होता.

मी फिरले आणि लुगडं आवरत पळत सुटले. पुढल्या दारानं आत शिरले तेव्हा दिवेलागण झालेली. माजघरात समईच्या उजेडात दोघी सामायिकाला बसलेल्या. सामायिक म्हणजे दोन घडी, पाऊण तासभर, लोकरीच्या आसनावर निश्चल बसायचं, तोंडापुढं फडकं धरायचं, जप करायचा. मध्ये उठायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, संसारातलं काही बोलायचं नाही. पुढ्यात रेतीची घडी ठेवलेली. वरच्या काचेत रेती अजून निम्म्याहून जास्त होती.

"माजी, पोर जेवली नाही!"

माजींनी डोळे उघडले. बोटानं रेतीकडं दाखवलं. थांब.

"थांबायला वेळ नाही हो! तिनं ताट गाईला घातलंय. रोज घालतीय. औषध अंगात आहे आणि पोटात अन्न नाही. मरेल ती!"

माजींची नजर सुनेकडं गेली. पोर ताठ बसली होती. बघणाऱ्याला वाटावं, केवढी एकाग्रता! पण पौषातल्या थंडीत तिच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. हातातलं फडकं थरथरत होतं. मी तिच्यापुढं वाकले. "पोरी, माझ्याकडं बघ." तिनं बघितलं, आणि ती हसली. ते हसणं मला अजून आठवतं. तिचं नव्हतंच ते.

"ताई," ती जड जिभेनं म्हणाली, "गुरं आलीत दाराशी. त्यांना आत घ्या."

आणि एका बाजूला कलंडली.

"साखर!" मी ओरडले. "गूळ, काकवी, काहीबी!"

माजी आसनावरून उठल्या. सामायिक मोडलं. स्वैपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथंच थबकल्या, कारण डबे रिकामे होते. त्यांनीच रिकामे केलेले, माझ्या सांगण्यावरून. शेजारीपाजारी सगळी जैन घरं, सगळी दारं सामायिकासाठी लोटलेली. किराणा दुकान पेठेच्या त्या टोकाला, आणि मधे बटाट्याच्या गाड्या. इकडं पोरीची बुबुळं वर फिरायला लागली.

"देवळाचा डबा," माजी एकदम म्हणाल्या.

देवघराच्या कोनाड्यात पितळेचा डबा होता. रोज सकाळी देवळात पाटावर तांदळाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढून त्यावर ठेवायला लागते ती खडीसाखर त्यात असे. देवाच्या नावानं बाजूला काढलेली वस्तू तोंडात घालणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. माजींनी डबा आणला. झाकण निघेना. मी हात पुढं केला. त्यांनी क्षणभर माझ्या हाताकडं बघितलं आणि डबा माझ्या हातात दिला.

मी वरवंटा मागितला, त्या म्हणाल्या, "आत हाये, ये!" आणि मी तो उंबरा ओलांडला. कुणाला त्याचं भान होतं! पाट्यावर खडीसाखर फोडली, पाण्यात कालवली. पाण्याचा तांब्या माजींनीच पुढं केला, दिवेलागणीनंतर. पोरीचे दात बसलेले. बेशुद्धाच्या घशात पाणी ओतायचं नाही, ठसका लागून जीव जातो. म्हणून मी ती गोड चिकट लगदी बोटावर घेऊन तिच्या गालाच्या आतून, हिरड्यांवरून चोळायला लागले. माजींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी चोळत होते. काही होईना. दुसरं बोट, तिसरं बोट. "गिळ गं, गिळ," मी म्हणत होते, आणि मधेच शिव्याही देत होते, तिला, गाईला, स्वतःला. माजी फक्त सुनेच्या गळ्याकडं बघत होत्या.

मग गळा हलला. एकदा, मग पुन्हा. तिनं जीभ फिरवली. मी आणखी लगदी दिली. घडीतली शेवटची रेती खाली गेली असेल, तेव्हा पोरीनं डोळे उघडले आणि या वेळी ती तिच्याच डोळ्यांनी बघत होती. तोंडातली गोडी कळली, समई दिसली, आणि ती रडायलाच लागली.

"रात झाली ना? माजी, मला का दिलंत?"

मला तळपायापासून आग लागली. "का दिलं? अगं बये, तू गाईला जेवू घालतीस आणि आम्हाला विचारतीस?" आणखीही बोलणार होते, पण ती माजींच्या पदरात तोंड खुपसून म्हणाली, "ते औषध जनावरांचं आहे, माजी. ताईंनी सांगितलं मला. माझ्यासाठी किती जीव गेले असतील! मरायचीही भीती वाटते मला, म्हणून सुई घेते. मग रोज थोडं टाकायचे, आणि आज चौदस, निदान एक वेळ उपाशी राहावं म्हटलं. तेवढंच प्रायश्चित्त."

वाटलं, आता माजी मला घराबाहेर काढतील, आणि काढायलाच हव्यात.

माजींनी पोरीच्या केसांतून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मला ठावं व्हतं."

पोरीनं मान वर केली.

"पयल्याच दिशी डाक्टरांना इचारलं मी. त्येंनी खोटं सांगितलं न्हाई. मी म्हनलं, पोरीला कळू देऊ नगा. पाप लागायचं ते मला लागंल, टोचा तुमी. तवापास्नं मी दिसातनं एकदाच जेवती." त्यांनी कोपराकडं सरकलेलं कडं मनगटावर आणलं. "तुज्या वाटचं मी भरत व्हते की गं. तू कशापायी उपाशी ऱ्हायलीस?"

मी तिथून उठले आणि ओसरीवर जाऊन बसले. रडायला मला ओसरीच बरी वाटली. एका घरात दोघी बायका एकमेकींपासून चोरून एकाच कारणासाठी उपाशी, आणि मी दोघींच्या मधे उभी राहून काचेच्या नळीत निळा रंग बघून नाचत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मी सगळं सांगितलं, माझ्या जिभेचंही. त्यांनी मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. मी मान खाली घालून ऐकलं, आयुष्यात पहिल्यांदा. मग म्हणाले, सुई बंद करता येणार नाही, पण आजपासून घास डोळ्यांनी मोजायचा, ताटावर विसंबायचं नाही. मला वाटलं, मला त्या घरात आता कोण उभं करतंय!

संध्याकाळी गेले, तर माजी दारातच उभ्या. सुई टोचून झाल्यावर म्हणाल्या, "आत ये. तिच्या म्होरं बस." मला स्वैपाकघरात पाट मांडला होता. पोरीपुढं ताट, भाकरीवर अंगठ्याचा खळगा. पोर ताटाला हात लावीना.

"माजींचं ताट वाढा," ती म्हणाली. "त्या जेवल्या तर मी जेवेन."

"मी सकाळी जेवली," माजी म्हणाल्या. "माजा नेम हाये."

"मग माझाही आहे."

खिडकीतून ऊन तिरपं होऊन चुलीवर आलं होतं. सूर्य उतरत होता आणि सुई अंगात होती. दोघी एकमेकींकडं बघत बसलेल्या, एकीहून एक हट्टी. सासूसमोर घास न घेणारी सून, आणि ती आज सासूशी अशी अडून बसलेली. मी आधी समजावलं. मग विनवलं. मग मात्र माझा तोल गेला. "अहो, काल देवाच्या डब्यातली खडीसाखर संपली, आज कुठून आणू?"

माजी हलल्या. त्यांनी पोरीच्या ताटाकडं बघितलं, मग तिच्या कपाळाकडं, घाम आलाय का म्हणून. मग चुलीमागचं आपलं ताट ओढून घेतलं, टोपलीतली भाकरी त्यात ठेवली, मूग वाढले आणि पहिला घास तोंडात घातला. चावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. पोरीनं खळग्यापाशी भाकरी मोडली.

मी घास मोजत राहिले, दोघींचे. दोघींनी ताटात पाणी घातलं, बोटानं ताटं धुतली आणि ते पाणी प्यायल्या. तेव्हा दिवस मावळायला अजून थोडा अवकाश होता.